हिरवळीवर पडलेले गोळे

इस्पितळाच्या आवारातली हिरवळ राखणाऱ्या माळ्याला सगळे गालिचेवाले म्हणत. नाव कुणीतरी थट्टेत ठेवलं आणि चिकटलं. कारणही तसंच होतं. त्यांनी कापलेल्या हिरवळीवर गवताचा एक गोळा शोधून सापडायचा नाही. दव पुरतं वाळल्याशिवाय ते गवत कापायच्या मशीनला हात लावत नसत. गवत फार वाढलं असेल तर आधी पातं उंच ठेवून वरवरचं कापत आणि मधे दिवस जाऊ देऊन मग खाली आणत. ओलं किंवा लांब गवत एकदम कापलं की मशीनच्या पोटात त्याचा लगदा होतो, तो गोळ्यागोळ्यांनी बाहेर पडतो आणि गोळ्याखालचं गवत गुदमरून पिवळं पडतं. मुकादमाने घाई केली की ते म्हणत, "न्हालेल्या बाईला केस तरी वाळवू द्या, साहेब."

त्यांची बायको तिथल्याच लाँड्रीत होती. तिच्या टेबलामागच्या खिडकीतून हिरवळ दिसे. मशीनचा आवाज जवळ येई, वळे, लांब जाई, आणि त्या तालावर तिच्या चादरींच्या घड्या पडत.

पहिला गोळा तिने त्या खिडकीतूनच पाहिला. आधी वाटलं, कुणाचं फडकं पडलंय. जेवणाच्या सुट्टीत जाऊन उचलला, तर खालचं गवत पिवळं झालेलं. म्हणजे गोळा आजचा नव्हता. इतके दिवस ते त्याच्या बाजूने जात-येत होते.

घरी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. पातं बोथट झालंय, धार लावतो, असं ते म्हणाले. धार लावलीही. तरी गोळे पडतच राहिले. एका संध्याकाळी ती त्यांना चहाला बोलवायला अवजारांच्या खोलीत गेली, तर ते कानस घेऊन बसलेले. पातं झिजून पट्टीसारखं पातळ झालं होतं.

"अहो, कालच धार लावलीत ना?"

त्यांनी हातातल्या कानशीकडे पाहिलं. "काल? छे. कितीतरी दिवसांत लावली नाही."

पुढे ते भल्या सकाळीच, दव असतानाच मशीन काढू लागले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा, आणि त्यांच्या मागे ओळीने काळपट गोळे पडत जायचे. सकाळची कामं उरकून ती दंताळं घेऊन त्यांच्या मागून फिरायची, गोळे फोडायची, पसरून टाकायची. कुणी पाहिलंच तर नवऱ्याला मदत करतेय असं दिसे. एकदा लाँड्रीच्या दारात मुकादम म्हणाला, "गालिचेवाल्यांचा हात अजून तसाच आहे हं." ती हसली आणि टेबलाकडे वळली.

मग तो दिवस आला. मशीनचा आवाज जवळ आला आणि तिथेच राहिला. वळला नाही, लांबही गेला नाही. तिने हातातली चादर टाकली आणि धावली.

मशीन कुशीवर कलंडलं होतं आणि चालूच होतं. जुनं मशीन, दांडा सोडला तरी न थांबणारं. पात्याच्या कडेला ओल्या गवताचा लगदा अडकलेला. ते शेजारी गुडघे टेकून बसले होते. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हात पात्यापासून वीतभर अंतरावर थबकलेला.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "गवत अडकलंय. हात घालायच्या आधी काहीतरी करायचं असतं बघ. काय ते आठवत नाहीये."

तिने वाकून बटण बंद केलं. पातं थांबायला वेळ लागला. तोवर दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"हे करायचं असतं," ती म्हणाली.

"हां," ते म्हणाले आणि लगदा काढायला लागले. तिने त्यांचं मनगट धरलं ते काम होईपर्यंत सोडलं नाही.

दुपारी तिने मुकादमाला सगळं सांगितलं, दंताळ्याचंही. तो चिडला नाही. तुम्हाला मागून फिरताना मी रोज बघत होतो, म्हणाला. वाटलं, या वयातही दोघांचं किती छान जमतंय. इस्पितळातल्याच डॉक्टरांनी तपासलं. हे वाढत जाणार, थांबवता येणार नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हिरवळीवर नवा माळी आला. मुकादमाच्या शब्दावर गालिचेवाल्यांना लाँड्रीत उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला बसवलं. मशीन चालू असतं तोवर ते शांत असतात, घड्याही नीट घालतात. नवा माळी पातं साफ करायला मशीन थांबवतो, तेव्हा मात्र ते उठतात, उजवी बाही दुमडतात आणि दाराकडे निघतात. कुठे निघालात म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. अडवलं तर रागावतात.

म्हणून ती हल्ली दार आतून लावून घेते. वरची कडी लावते, तिकडे त्यांची नजर जात नाही; खालची ते अजून उघडू शकतात.