शेंडे खुडलेला फ्लॉक्स

लग्न होऊन वर्ध्याजवळच्या आंजीला आले तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक नागपूरच्या नॉर्मल स्कूलचं, म्हणजे शिक्षिका होण्याचं, सर्टिफिकेट, आणि दुसरा तोंडाळपणा. पहिल्यामुळे गावातल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. दुसऱ्यामुळे जे जे झालं, त्यातलं हे एक.

साल पंचावन्नच्या आसपासचं असेल. संक्रांतीनंतर डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार, हे दसऱ्यालाच कळलं होतं. शाळा कशी सजवायची, या काळजीत मोठ्या बाई होत्या. मी ताडकन बोलून गेले की प्रत्येक टेबलावर फुलं ठेवू, आणि फुलांचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मोठ्या बाई हसल्या. आंजीत फूल म्हणजे झेंडू नाहीतर शेवंती. तेही देठ मोडून देवाला वाहायचं, नाहीतर केसांत माळायचं. लांब देठासकट कापून पाण्यात उभं करायचं फूल असतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं. त्या हसल्या आणि मी पेटले. आता फुलं आली नसती तर शाळेत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

वर्ध्याच्या कचेरीत कारकून असलेल्या आमच्या ह्यांनी नागपुराहून फ्लॉक्स नावाच्या विलायती फुलाच्या बियांची पुडी आणली. मी रॉकेलचा डबा आडवा कापून त्यात चाळलेली माती आणि शेणखत भरलं, बी पेरलं आणि रोज माती उकरून बघू लागले. पाच दिवस झाले तरी काही नाही. शेवटी सासूबाईंनी डब्यावर गोणपाट टाकलं आणि मला तिथून हाकललं. घडीघडी उघडून पाहिलं की बी लाजतं, असं त्यांचं म्हणणं. बी खरंच लाजत असावं, कारण तीन दिवसांत डबा हिरवा झाला. रोपं चार पानांची झाली तेव्हा मी ती विहिरीमागच्या वाफ्यात लावली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचं उभं आयुष्य वावरात गेलं होतं. माझ्या वाफ्याभोवती त्या रोज एक चक्कर मारत.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघं वर्ध्याला गेलो होतो. संध्याकाळी परत येऊन बघते तर वाफ्यातल्या एकाही झाडाला डोकं नाही. कळ्या धरायच्या बेतात असलेले सगळे शेंडे आत्याबाईंच्या सुपात होते आणि त्या ते शांतपणे निवडत होत्या. आमच्याकडे हरभरा वीतभर वाढला की बाया त्याचे शेंडे खुडतात. झाडाला फुटवे येतात आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते. आत्याबाईंनी तोच कायदा माझ्या फ्लॉक्सला लावला होता.

"याची भाजी होते का वं?" त्यांनी विचारलं.

माझा तोल गेला. तुम्हाला हरभऱ्यापलीकडे काही दिसतं का, फुलातलं तुम्हाला काय कळतं, असं मी भरल्या अंगणात बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "फुटन ते." मग सूप त्यांनी बकरीपुढे ठेवलं. बकरीनं हुंगून तोंड फिरवलं, त्याचाही मला राग आला.

पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्या ताट वाढायच्या, मी जेवायचे. कोपऱ्यातलं एक झाड त्यांच्या हातून सुटलं होतं. ते सगळ्यांच्या आधी फुललं: एक दांडा, वर एक घोस, संपलं. बाकीच्यांना मात्र चार-चार, पाच-पाच फांद्या फुटल्या, आणि संक्रांत होते न होते तोच वाफा गुलाबी, जांभळ्या, पांढऱ्या फुलांनी भरून गेला. मी हरखले आणि मनातून ओशाळलेही. माफी मागायला हवी होती. ती काही मागितली नाही; खाली मान घालून पाणी देत राहिले.

तपासणीच्या दिवशी मी सकाळीच टोपलीभर फुलं कापली आणि तांब्यांमध्ये, शाईच्या बाटल्यांमध्ये मांडली. डिप्टीसाहेबांनी हजेरीपटाआधी ती पाहिली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. झाडं इतकी भरली कशी, असं साहेबांनी माझ्या वर्गात, मुलींसमोरच विचारलं तेव्हा शेंडे खुडले, असं मी सांगितलं. कोणी खुडले, ते सांगितलं नाही. शाबासकी निमूटपणे घेतली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, साहेब काही बोलले का. तोंडाळ माणसाचं तोंड अशा वेळी भलतंच धावतं. मी म्हणाले, बोलले तर, आणि मी तुमचं नाव सांगितलं.

त्या पदरात हसल्या. दुसऱ्या दिवशी ही बातमी पिठाच्या चक्कीपर्यंत गेली. तुह्या सासूचं नाव साहेबानं लिहून नेलं म्हणते, असं बाया मला वाटेत थांबवून विचारू लागल्या. माझं धाबं दणाणलं. हे मोठ्या बाईंच्या कानावर गेलं असतं तर मी चोरही ठरले असते आणि खोटारडीही. त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं म्हणून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या पुन्हा हसल्या. या वेळी मी पेटले नाही. शनिवारी सासूबाईंना शाळेत घेऊन या, शेंडे कसे खुडायचे ते मुलींना दाखवू द्या, असं त्या म्हणाल्या.

आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. शाळेची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. चौथीच्या मुलींसमोर त्यांनी नखानं शेंडा कसा खुडायचा ते दाखवलं आणि अर्धा तास बोलल्या, त्यात बराचसा हरभराच होता. माझ्या तासाला कधी बसल्या नाहीत इतक्या गप्प मुली बसल्या होत्या.

परतताना मी एकदाची माफी मागितली, अंगणातल्या बोलण्याची आणि खोट्याचीही.

"साहेबाले तू माहं नाव सांगतलं नाई, हे मले त्याच दिवशी समजलं होतं," आत्याबाई चालता चालता म्हणाल्या. "शेजारची पोट्टी तुह्याच वर्गात बसते."

"मग तुम्ही गावभर का सांगत फिरलात?"

"मी नसतं सांगतलं, त तू शाळेत खरं सांगतलं असतं का?"