फक्त फोटो आणि नाव बदला

परवा दुपारी लोणी भापकरचे एक तात्या आमच्या बारामतीच्या दुकानात आले. आमचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे... वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं.

तात्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. "भाभी, असाच करा. फकस्त फोटो आन् नाव बदला. आमचा सुशांत बी पायलट झालाय."

फोटो बघितला आणि लगेच ओळखला. इंदापूरच्या चौकातला तो फ्लेक्स मीच छापला होता. माझ्या सख्ख्या भाचीचा, आफरीनचा.

आधी तिचं सांगते. माझ्या मुनीरभाईचं, म्हणजे तिच्या अब्बांचं, इंदापूरला पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. आफरीन विमान शिकली ती इथं बारामतीलाच. तेव्हा गच्चीवरून ट्रेनिंगचं विमान गेलं की मी वाळत घालायचे कपडे टाकून हात हलवायचे... ती वर असो नसो.

लायसन्स मिळालं आणि पोरगी दोन वर्षं घरी बसली. विमान कंपन्यांना उडवण्याचा अनुभव हवा, आणि अनुभव मिळणार कुठे, तर विमान कंपनीत! आता काय म्हणावं याला?

मग परदेशातली एक छोटी कंपनी सापडली. फ्लेक्ससाठी भाईचा फोन आला तेव्हा मी आनंदानं रडले हो. आफरीनचा युनिफॉर्ममधला फोटो इतका मोठा केला की खालच्या शुभेच्छुकांचे फोटो बसेनात. त्यातले चेअरमन साहेब बारीक दिसतात म्हणून भाई माझ्याशी भांडलासुद्धा.

फ्लेक्स लागला. जायच्या आदल्या दिवशी आफरीन मला भेटायला आली आणि म्हणाली, "फुफी, ही नोकरी नाहीये गं."

मग सगळं सांगितलं. आपण कंपनीला पैसे भरायचे, ते आपल्याला कोपायलटच्या सीटवर बसवणार. खरं विमान, खरे प्रवासी. उड्डाणाचे ठरलेले तास संपले की उतरायचं, मग पैसे भरलेला पुढचा बसणार. पगार नाही.

माझं डोकंच फिरलं. काम तू करायचं आणि वर पैसेही तूच द्यायचे? आमच्याकडे नवीन डिझायनर येतो, सहा महिने लोकांची आडनावं चुकवतो, तरी त्याला पगार देतोच ना आम्ही!

मागे बसलेल्या लोकांना हे माहीत असतं का, विचारलं. नाही म्हणाली. मग विचारलं, दमलीस, अंगात ताप असला तर? तर म्हणते, "पैसे भरलेला माणूस एकही फेरी सोडत नाही, फुफी."

पण तिचंही काय चुकलं? दुसरं दार कुणी उघडतच नव्हतं. दोन वर्षं बापाच्या दुकानात बसून मोटारींची बिलं करणारी पायलट... ती तरी कुठे जाणार होती? पैसे भरणाऱ्या भाईची समजूत अशी की तास संपले की कंपनी तिला कायम करेल. तिनं ती तशीच राहू दिली. चौकात एवढा मोठा फ्लेक्स लागल्यावर ती बापाला काय सांगणार होती...

तर आता परवाचे तात्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पगार किती देणार, तात्या?"

तात्या हसले. "पगाराचं मागनं बघू. आदी आत तर घुसू द्या. मुनीरभाईची पोरगी लागलीच की तितं."

म्हणजे आमच्या फ्लेक्सकडे बघून हा माणूस पोराचे पैसे भरायला निघाला होता. त्याच कंपनीत!

मला राहवेना. तिथल्या तिथं आफरीनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. म्हटलं, तात्या समोर आहेत, मुलाला तुझ्याच कंपनीत पाठवतायत, काय ते तूच सांग. तात्या तिच्या बापाच्या जुन्या ओळखीतले... खरं बोलली तर आजवर झाकलेलं सगळं उघडं पडणार.

तरी ती म्हणाली, "तात्या, नका पाठवू. माझे तास या महिन्यात संपतायत. मी दोनदा विचारलं, पुढे ठेवत नाहीत. माझ्या जागी कुणीतरी पैसे भरून बसणार आहे... तो तुमचा सुशांत असेल."

तात्या फोनवर वाकले. "मुनीरभाईला ठावं हाय का ह्ये?"

"नाही. अब्बांना सांगू नका."

"पन आमी टोकन देऊन बसलोय की गं पोरी," तात्या म्हणाले. बाकीचे तरी देऊ नका, असं ती सांगत होती, पण ते उठलेच. मी पुढं केलेलं पाणीही घेतलं नाही. दारातून एवढंच म्हणाले, "फ्लेक्स ऱ्हाऊ द्या, भाभी."

आता त्यांचा पोरगा ऐकेल का, अल्ला जाणे. आणि ऐकून घरी बसला तरी करणार काय?

संध्याकाळी आफरीनचा मेसेज आला. 'फुफी, बाहेरून कळायच्या आत अब्बांना तूच सांग. मला नाही जमणार.'

पोरीचा अभिमान वाटतो हो. दुसऱ्याचं लेकरू वाचावं म्हणून तिनं स्वतःची लाज बाजूला ठेवली. तुम्हालाही कुणाच्या मुलाचा असा फ्लेक्स दिसला तर अभिनंदन जरूर करा, पण पैसे कोण कुणाला देतंय तेही एकदा विचारा.

उद्या इंदापूरला चाललेय. फ्लेक्स अजून चौकातच आहे. उन्हानं रंग उडालाय, पण तिचं हसू दिसतं. वहिनी सांगते, भाई रोज दुकान उघडायच्या आधी जरा वेळ त्याच्यासमोर थांबतो.

आधी फ्लेक्स उतरवू की आधी भाईला सांगू... तेवढंच अजून ठरत नाहीये.