शेवंताबाईची फिक्स गाडी

शेवंताबाई गेली, हे मला शाळेच्या दारात कळलं. दारव्ह्याच्या माझ्या शाळेपर्यंत थावरू नायक उन्हातून आला होता. पागोटं काढून हातात घेतलेलं. टेकडीवरच्या बंजारा तांड्याचा हा नायक मला दहा-अकरा वर्षांपासून ओळखतो. "मास्तरीणबाई, आमची याडी गेली," म्हणाला. याडी म्हणजे आई. तांड्यातली लहानथोर सगळी तिला याडी म्हणायची. मग, "कावीळ झालती. आठ दिस अंगावर काढली, कोणाले सांगतलं नाही..." मी आत येऊन शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "त्याच बिनब्रेकच्या सायकलवरून पडल्या का?" त्यानंतर महिनाभरात हाच प्रश्न मला आणखी चौघांनी विचारला. विचारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की एकदाचं आपलं म्हणणं खरं ठरलं. म्हणून आधीच लिहून टाकते. ती काविळीनं गेली, बाजेवर गेली. सायकलवरून ती शेवटची पडली त्याला अकरा वर्षं होत आली, आणि तेव्हा सीट मी धरली होती.

मध्यप्रदेश सुटून आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्या सालची गोष्ट. आर्णी-दारव्हा भागातलं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथली काही माणसं अजून मोठ्या मानानं फिरतात. मी मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण, ती दवाखान्यात नवी नर्सबाई. एका घराच्या दोन खोल्या आम्ही दोघींनी घेतल्या होत्या, चूल एकच. ती घाटंजीकडच्या शेतकरी घरातली. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा माहेरी परत आली, भावाच्या घरी चार महिने राहिली आणि एके सकाळी यवतमाळला जाऊन सुईणीच्या शिक्षणाला नाव घालून आली. तिशीची असेल. हात मोठे, आवाज त्याहून मोठा. दवाखान्याच्या हद्दीत सात-आठ खेडी आणि तांडे होते. बाळंतीण अडली की घरचं माणूस धावत यायचं, मग बैलगाडी शोधायची, बैल जुंपायचे, आणि शेवंताबाई पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. दोन वेळा असं झाल्यावर ती मला म्हणाली, "मी तिथं मूल पाहाले जातो का मयत, हेच मले समजून नाही राह्यलं."

करीमभाईच्या सायकल दुकानात एक काळी गाडी बरेच दिवस पडून होती. यवतमाळला एक सर्कस मोडली, तिच्या सामानातून आलेली. कुणी घेईना, कारण तिला फ्रीव्हील नव्हतं. आपल्या साध्या सायकलला पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं. हिचं तसं नव्हतं. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना घट्ट बांधलेली. चाक फिरलं की पायडल फिरणार, आणि ब्रेक तर नव्हताच. करीमभाईनं तिला स्पष्ट सांगितलं, "बाई, ही फिक्स गाडी हाये. तुम्ही थांबसान, पन हे नाही थांबत. सर्कसवाले उलटी चालवाले ठेवत होते. तुमच्या कामाची नाही." शेवंताबाईनं सीटवरची धूळ लुगड्याच्या पदरानं पुसली आणि म्हणाली, "दुसरी कोणती हाये का तुमच्याजवळ?" दुसरी नव्हती.

शाळा सुटल्यावर आवारात आम्ही शिकायला लागलो. नर्सची पांढरी पाचवारी तिनं घडी करून ठेवली आणि लुगडं कासोटा घालून नेसली, तेव्हा कुठे तो पुरुषी दांडा ओलांडता आला. ओट्याला गाडी टेकवून ती बसायची, मी मागून सीट धरायची. पहिल्या दिवशी दहा हात गेली आणि सवयीनं नव्हे तर भीतीनं पाय थांबवले. पायडलनं तिचे पाय उचलले आणि तिला सरळ पुढच्या चाकावरून फेकून दिलं. मी ओरडले. ती उठून आधी गाडीच पाहायला लागली. पुढचे चार दिवस रोज हेच. पाय थांबवायचा नाही, हे डोक्याला कळतं, गुडघ्याला कळत नाही. मग करीमभाई स्वतः आला. त्यानं पायडलला जुन्या चामड्याचे पट्टे लावून दिले, म्हणजे पाय निसटू नये, लुगडं साखळीत जाऊ नये म्हणून डब्याचा पत्रा वाकवून झाकण केलं, आणि आवारात उभा राहून शिकवलं, "रोकायची असंन तं पाय थांबवू नका. मागून जो पायडल वरते येते ना, त्याच्यावर वजन टाका. थोडं, थोडं. गाडी ऐकते." तोच तिचा ब्रेक. तिसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या फाटकापासून हौदापर्यंत येऊन, हौदाला हात न लावता, बरोबर एक वीत आधी थांबली. उतरताना पायडल खाली आलं त्या क्षणाला पाय जमिनीवर टेकवला, जणू पायरी उतरावी. मीही शिकले. माझ्या नडगीवर वण आहे अजून. पण मी आवाराच्या बाहेर ती गाडी कधी नेली नाही. मला गावाची भीती वाटायची, आणि ही भीती पुढे किती महाग पडली ते सांगायचंच आहे.

ती मात्र बाहेर पडली. हँडलला औषधाची पिशवी, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला, आणि तांड्याच्या उतारावर पाय असे गरगर फिरायचे की बघणाऱ्याला धाप लागावी. तिला लागत नसे. बैलगाडीला दोन तास लागत तिथे ती अर्ध्या तासात पोचायची. तांड्यातल्या बायका आधी हसल्या, मग पोरांना वाटेवरचे दगड उचलायला लावू लागल्या. पहिल्या वर्षात ज्या बाळंतिणी तिच्या हातून सुटल्या, त्यांच्या घरची माणसं आजही आहेत. कुणाला खरं-खोटं करायचं असेल तर त्यांनी जाऊन विचारावं.

गावातल्या चार प्रतिष्ठितांना मात्र हे बघवेना. दवाखान्याच्या साहेबांकडे अर्ज गेला, की बिनब्रेकची सायकल रस्त्यावर धोक्याची आहे, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. साहेबांनी तिला बोलावून समज दिली. ती तशीच करीमभाईकडे गेली. त्या सर्कशीच्या गाडीला ब्रेक बसवायला जागाच नव्हती. त्यानं कानशीनं घासून एक पट्टी बनवली आणि पुढच्या चाकाला ब्रेक बसवून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं गाडी दवाखान्याच्या पायरीला लावली आणि साहेबांना ब्रेक दाबून दाखवला. साहेबांनी पाहिला. आठ दिवसांनी लेखी हुकूम आला. त्यात ब्रेकचा शब्दही नव्हता. स्त्री कर्मचाऱ्यानं कामावर असताना सायकलवर बसणं शोभत नाही, सबब मनाई. यापुढे बाळंतिणीच्या घरच्यांनी वाहन आणावं, त्यातूनच जावं. मी तो हुकूम वाचला आहे. आमच्या चुलीजवळ बसून तिनं मला दाखवला होता. "ब्रेक नव्हता तं ब्रेक पाहिजे होता," ती म्हणाली, "आता ब्रेक लावला तं मीच नको." घाटंजीला आई तिच्या जिवावर होती. तिनं हुकूम पाळला. गाडी मागच्या पडवीत ठेवली.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी आठच्या सुमारास थावरू नायक पळत आला. त्याची सून झमकू आदल्या दिवसापासून अडली होती. त्याच्या स्वतःच्या बैलगाडीचं चाक सुताराकडे होतं, आणि आर्णीचा बाजार असल्यानं गावातल्या सगळ्या गाड्या पहाटेच निघून गेलेल्या. थावरू दारोदार फिरला. शेवंताबाई पिशवी घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिली. मी शाळेच्या खिडकीतून तिला पाहत होते. पहिला तास, दुसरा तास, तिसरा. मधे ती दोनदा साहेबांकडे गेली, आजच्यापुरती सायकल नेऊ द्या म्हणाली. साहेब म्हणाले, "हुकूम लेखी आहे. गाडी मिळाली की जा." अकरा वाजले तेव्हा ती उठली, घरी आली, पडवीतून गाडी काढली आणि निघाली. मूल वाचलं. मुलगी झाली, ती आज तांड्यात शेळ्यांमागे हुंदडत असते. झमकू वाचली नाही. रक्त फार गेलं होतं. संध्याकाळी शेवंताबाई परत आली ती गाडी हातात धरून, चालत. चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "दोन घंटे आधी हात लागला असता तं वाचत होती, मास्तरीण..."

चौकशीचा कागद पंधरा दिवसांनी आला. दोन आरोप होते, एकाच कागदावर, एकाखाली एक. पहिला, बाळंतिणीकडे वेळेत पोचली नाही. दुसरा, लेखी मनाई असताना सायकल वापरली. तिनं तो मला वाचायला दिला आणि अगदी सरळपणे विचारलं, "मी उशिरा गेली म्हणून रागावले का लवकर गेली म्हणून?" याचं उत्तर मी आजवर शोधते आहे. तो कागद लिहिणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा, सही करणाऱ्याचा, एकाचाही हात त्या दोन ओळींच्या मध्ये अडखळला नाही. चौकशीच्या दिवशी थावरू साक्ष द्यायला आला. त्याला सकाळपासून कडुनिंबाखाली बसवून ठेवलं आणि दिवस मावळताना सांगितलं, जा, काम झालं. त्याचं घर उजाड झालं होतं, आणि त्यालाच कुणी विचारलं नाही.

आता माझं सांगते, नाहीतर हा राग लिहिण्याचा मला अधिकार नाही. मलाही लेखी विचारलं होतं, की त्या दिवशी नर्सबाई किती वाजल्यापासून वाट पाहत होती. मी तीन तास पाहिलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही नवीन आहात, बाई. दवाखान्याच्या भानगडीत पडू नका." मी कागदावर लिहिलं, मला काही माहीत नाही, आणि खाली सही केली. शेवंताबाईनं तो कागद पाहिला होता, हे मला पुढे करीमभाईकडून कळलं. तिनं मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. त्या रात्रीही तिनं माझ्या ताटात आधी भाकर वाढली होती.

तिची लांब बदली झाली. ती गेली नाही, नोकरीच सोडली. थावरू बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला, आईलाही घाटंजीहून आणवलं, आणि तांड्यानं तिला एक खोली बांधून दिली. तिथे ती अखेरपर्यंत राहिली. चार-पाच तांड्यांतल्या बायका तिच्या हातून मोकळ्या झाल्या. दवाखान्यातली नर्सची जागा वर्षानुवर्षं रिकामी असायची, तेव्हा दवाखानाही गुपचूप तिलाच निरोप पाठवायचा. तेव्हा ती सायकलवर आली तरी कुणाची शोभा गेली नाही.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी त्या गावात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, उदबत्त्या. साहेब आता निवृत्त आहेत, गावातच घर बांधलं आहे, अध्यक्ष तेच. ते म्हणाले, त्या काळात एका स्त्रीनं सायकलवरून रुग्णसेवा केली, आणि तिला प्रोत्साहन द्यायचं भाग्य मला लाभलं. तिची सायकल दवाखान्याच्या व्हरांड्यात आठवण म्हणून ठेवावी, असंही सुचवलं. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, तुमचा मनाईचा हुकूम मी वाचलाय. झमकू गेली त्या दिवशी शेवंताबाई तुमच्या ओट्यावर तीन तास बसली होती, तेही मी पाहिलंय. मी तेव्हा खोटं लिहून दिलं." साहेब हळू आवाजात म्हणाले, "आजच्या दिवशी हे नको, बाई. त्यांच्याबद्दल चांगलं बोला." मी म्हटलं, "तिच्याबद्दल मी वाईट बोलतच नाही. तुमच्याबद्दल बोलतेय." तेवढ्यात कुणीतरी घाईनं जाहीर केलं, की आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. सगळे उभे राहिले. मृताला मान देण्याची ही रीत जिवंत माणसाचं तोंड बंद करायला इतकी उपयोगी पडते, हे मला त्या दिवशी कळलं. दोन मिनिटं झाल्यावर मागून थावरू बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता. "साहेब, ते गाडी तुमच्या दारात उभी राह्यली तं चालते, फिरली तं चालत नव्हती. आमच्याकडंच राहू द्या." आणि तो निघून गेला.

परवा मी तांड्यावर गेले होते. शेवंताबाईच्या खोलीला बायका पोतारा देत होत्या. पांढऱ्या मातीचं पाणी, चिंध्यांचे बोळे, कोपरापर्यंत भरलेले हात. तिची बाज बाहेर काढलेली. भिंती ओल्या, उजळ झालेल्या. दारामागच्या भिंतीवर मात्र कमरेच्या उंचीला एक तेलकट काळा डाग तसाच होता. वर्षानुवर्षं हँडलची मूठ टेकून टेकून पडलेला. त्याच्या चारी बाजूंनी पोतारा सफाईनं फिरवलेला, आणि मधे तो डाग सोडलेला. मला वाटलं राहून गेला असेल. मी बोळा उचलला, तेव्हा झमकूच्या सासूनं माझा हात धरला.

"तेवढं राहू द्या, बाई," ती म्हणाली. "तिथं याडी गाडी लावते."