उंबऱ्यावरचं कुंकू

नव्वदच्या दशकात, नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहत होतो. वरच्या मजल्यावरची जपानी शेजारीण माझी घट्ट मैत्रीण. तिचं सासर जवळच्याच एका खेड्यात. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या प्रमुखाचं, गवती छपराचं भलंमोठं घर. छप्पर गळायला लागलं होतं. गावकरी ते शाकारून द्यायला तयार होते, फक्त घर लोकांना बघायला खुलं करा म्हणत होते. सासरे हटून बसले होते. "परके येऊन उंबरे तुडवणार. त्यापेक्षा घर पडलेलं परवडलं!"

मैत्रीण रडकुंडीला आली. म्हणाली, "तू चल. परकं माणूस कसं असतं ते बघू देत एकदा." म्हणजे परीक्षा माझी!

मी मुद्दाम काठापदराची साडी नेसून गेले. सासरे दारात ताठ उभे, नजर माझ्या पायांवर. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आईचे धपाटे खाल्लेत मी त्यासाठी. पण एवढं मानाचं घर आणि उंबरा नुसताच? मला राहवेना. पर्समधली ओल्या कुंकवाची डबी काढली, खाली बसून कुंकवाची बोटं उंबऱ्यावर ओढली आणि नमस्कार केला.

मैत्रिणीच्या तोंडचं पाणी पळालं. पुसून पुसून आरशासारखं झालेलं ते लाकूड, त्यावर लालभडक डाग! अगं बाई, हे काय करून बसले मी?

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, "आमच्याकडे घराचा पहिला मान उंबऱ्याला. घर टिकावं म्हणून."

मैत्रीण फडकं घेऊन धावली. त्यांनी हात आडवा घातला. "राहू दे."

मग मला चुलाण्यापाशी बसवून त्यांनी घराची कहाणी सांगितली. आग लागली तेव्हा पणजोबांनी ओल्या चटया टाकून छप्पर वाचवलं होतं. दुष्काळात याच कोठारातला तांदूळ गावानं खाल्ला होता. निघताना सुनेला म्हणाले, "गावाला कळव. लोकांना येऊ दे."

नवं छप्पर चढल्यावर मी पुन्हा गेले, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, गर्दीत मागे. सासरे दारात उभे राहून आग सांगत होते, दुष्काळ सांगत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मग त्यांनी वाकून उंबऱ्यावरच्या फिकट लाल रेघा दाखवल्या.

"हा मान आमच्या घराला भारतातल्या एका पाहुणीनं दिलाय. जपून ओलांडा."

अख्खी गर्दी खाली बघत, पाय उचलून आत गेली. माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! सगळ्यांत शेवटी मीही ओलांडला.