पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी

देवानं केलेलं ते सगळं चांगलं आणि माणसानं केलेलं ते सगळं वाईट, असं माझी नातसून हल्ली बोलते. ऐकलं की मला माझी सासू आठवते आणि डोकं फिरतं.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी नळ आलेला होता. तरी आमच्या घरी पिण्याचं पाणी मागच्या वाडीतल्या पायऱ्यांच्या विहिरीचं. ते आणायचं मी. "नळाचं पाणी लोखंडातून येतं गो, ते मेलेलं. विहिरीला देवाचा जिवंत झरा आहे," असं सासूचं म्हणणं. जिवंत होतं खरं. माणसं पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहून घागरी भरत. ज्यांच्या पायाला नारू, म्हणजे कातडीखाली वाढणारा किडा, झालेला, ती तर आग थांबावी म्हणून मुद्दाम पाय बुडवून बसत. किड्याची पिल्लं त्या पाण्यात सुटत, आणि तेच पाणी आम्ही प्यायचो.

दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या घोट्याला फोड आला. फुटला, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर आला. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभा राहून काम करायचा. खात्यातल्या मुकादमानं, जॉबरनं, निरोप धाडला, पाय टेकत नसेल तर साचा दुसऱ्याला देतो.

किडा आत तुटू नये म्हणून सासू तो काडीला हळूहळू गुंडाळत म्हणाली, "गिरणीत नळाचं पाणी पितो ना, त्याचं हे फळ. उद्यापासून तांब्या घरून न्यायचा."

"आत्याबाई, समोरच्या खोलीतले सगळे नळाचंच पितात. त्यांच्यात एकाचा तरी पाय बांधलेला दिसतो का?"

"चार बुकं वाचलीस म्हणून मला शिकवू नको."

"बरं, झरा देवाचा. मग किडा कोणाचा? गिरणीत विणला काय?"

"तोही देवाचाच. पाप केलं की धाडतो."



तो पाय बरा होतोय तोवर दुसऱ्या पायाला फोड आला. साचा गेला. त्या दिवशी मी नळाचं पाणी भरून दुसरा माठ मांडला आणि सासूला सांगितलं, "तुमचं तुम्ही प्या. ह्यांना हे मिळेल."

"मुलगा माझा आहे."

"पण ह्यांचे पाय रोज मी बांधते."

नवरा भिंतीला टेकून ऐकत होता. पाणी हवं म्हणाला. आम्ही दोघी उठलो. तो आईकडे न बघता म्हणाला, "आये, तू बस. आणि तू मला नव्या माठातलं दे."

पुढे त्याला पुन्हा नारू झाला नाही. गिरणीतही परत लागला, पण बदलीवर, कोणी गैरहजर असेल त्या दिवसापुरता. स्वतःचा साचा काही मिळाला नाही.

सासू मरेपर्यंत विहिरीचंच पाणी प्यायली. तिला कधी साधा फोडसुद्धा आला नाही. हे मला आजही सहन होत नाही.