‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

राळेगावच्या पायल मुनेश्वरच्या घरात रक्तगट हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. धाकट्या भावाला, धम्मरत्नला, सिकलसेल, वारंवार रक्त चढवावं लागणारा आजार. त्याचं अंग ठणकायला लागलं, डोळे पिवळे पडले, की वडील यवतमाळची एसटी धरायचे आणि या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत विचारत फिरायचे. रक्ताची पिशवी आहे की नाही, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नसे.

पायल यवतमाळातच इंजिनिअर झाली आणि पुण्यात एका कंपनीत लागली. दुकानदाराचं पार्सल कोणती कुरिअर कंपनी नेईल, हे त्या त्या कंपनीच्या संगणकाला विचारून एका जागी दाखवायचं, असं तिथलं काम. परक्या यंत्रणांशी बोलणाऱ्या सेवा रचण्यात तिचा हात बसला. पार्सलासाठी हे जमतं, तर रक्तासाठी का नाही, हा विचार मात्र तिला सोडेना. शेवटी ती परत आली. कॉलेजातल्या मित्राला, पियुषला, सोबत घेऊन तिनं यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक खोली भाड्यानं घेतली.

डॉक्टरनं मोबाइलवर रक्तगट टाकायचा, आणि क्लाउडवरच्या त्यांच्या सेवेनं जिल्ह्यातल्या पेढ्यांच्या संगणकांना विचारून उत्तर आणायचं, एवढंच ठरलं होतं. पण प्रत्येक पेढीचं सॉफ्टवेअर वेगळं. कोणी रक्तगट अक्षरात लिहायचं, कोणी आकड्यात, तर एक पेढी मुदत संपलेल्या पिशव्याही मोजायची. पायलनं प्रत्येकीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, समोरच्याचं बोलणं आपल्या भाषेत आणणारा. पियुष त्यांना दुभाषे म्हणायचा. सेवा सुरू झाली, डॉक्टर वापरू लागले, आणि दोघं खूश होते.

मग एका दुपारी पुसदच्या रक्तपेढीतून बेबीताईंचा फोन आला. त्या तिथल्या तंत्रज्ञ.

“पायल, माह्या फ्रिजात पिशव्या ठेवल्या अन् तुही मशीन शून्य काहून दाखवते? ढाणकीचे शंकरसिंग बायकोच्या ऑपरेशनसाठी यवतमाळले गाडी पळवत गेले ना! बाई भरती आहे तो दवाखाना त माह्या समोरच्या रस्त्यावर आहे.”

पायलनं आधी विचारलं, “ताई, बाई कशी आहे?”

“वाचली. रक्त आलं वेळेवर. पण घरच्यायचा जीव टांगणीले लागला होता.”

कारण सापडायला वेळ लागला नाही. पेढीची इंटरनेट लाइन तेव्हा बंद होती. सेवेनं विचारलं, थोडी वाट पाहिली, उत्तर आलं नाही म्हणून शून्य लिहून टाकलं. प्रोग्रामातली ही ओळ पायलनंच लिहिलेली, पुण्याच्या सवयीनं. तिथं एक कुरिअर गप्प बसलं तर पार्सल दुसऱ्याकडे जायचं, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तिनं सेवा थांबवली आणि पुसदची एसटी पकडली. दवाखान्यात शंकरसिंगांना गाठून झालेलं सगळं सांगितलं.

“रस्ताभर मी देवाले शिव्या देल्या,” ते म्हणाले. “आता तुमाले द्याव्या का?”

“द्या,” पायल म्हणाली.

त्यांनी दिल्या नाहीत. खाटेवर त्यांची बायको रामीबाई जागी झाली होती, तिला पाणी द्यायला ते उठले.

लोहाऱ्यात पायलनं सगळी मांडणी बदलायला घेतली. आता उत्तरं तीन राहणार होती: ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’. पियुषला ते पटेना. “माहीत नाही असं दाखवलं त लोक हसतीन. मंग आपल्याले इचारून फायदा काय?”

“हसू दे. खोटं ‘नाही’ सांगण्यापेक्षा बरं.”

“पण रोग्यानं करायचं काय?”

याचं उत्तर दोघांनी मिळून शोधलं. पेढीचा संगणक गप्प बसला, की सेवा तिथल्या कामावरच्या माणसाला आपोआप फोन लावेल: पिशवी असेल तर राखून ठेवा आणि एक दाबा, नसेल तर दोन. पहिला नंबर बेबीताईंनी दिला. “लाव मले. लाइन गेली तरी मी त कुठं जात नाही,” त्या म्हणाल्या.

सेवा पुन्हा सुरू झाली. एकदा वादळी वाऱ्यात पुसदच्या पेढीची इंटरनेट लाइन पुन्हा बंद पडली, आणि नेमकी उमरखेडहून मागणी आली. पडद्यावर ‘माहीत नाही’ उमटलं. पायल आणि पियुष खुर्च्यांवरून उठून पडद्याजवळ उभे राहिले. इतक्यात बेबीताईंनी फोनवर एक दाबलं आणि शब्द बदलले: ‘आहे. तुमच्यासाठी राखून ठेवलं.’ पियुषनं टाळी वाजवली आणि स्वतःच लाजला.

आता जिल्ह्यातल्या बहुतेक पेढ्या जोडल्या गेल्या आहेत. परवा वाशीमहून एका पेढीचे व्यवस्थापक आले होते. त्यांनी चाचरत विचारलं, “आमचं सॉफ्टवेअर लय जुनं आहे. चालते का?”

“चालते नं,” पायल म्हणाली. “तुमच्याइथं फोन कोण उचलते, पह्यले त्यायचं नाव सांगा.”