दादा, त्या वावराला तिकीट नको

कळंबच्या स्टँडवर बस लागली तेव्हा माय एवढंच म्हणाली, "जिथं जनावर नाही, तिथं जाय बापू." बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी घर सोडून निघालो होतो. दादा, तू बॅग आत सरकवलीस आणि बस हलायच्या आधीच मोटारसायकलला किक मारलीस. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

मायचं मी ऐकलं नाही. गोव्यातल्या बोटींवर चार वर्षं काढली आणि आता दक्षिण आफ्रिकेतल्या एका बंदरात लोकांना पांढरा शार्क दाखवतो. बोटीच्या कडेला लोखंडी पिंजरा बांधलेला असतो. त्यात वेटसूट घातलेले पाच-सहा पाहुणे छातीभर पाण्यात उभे राहतात. मी माशाचं मुंडकं दोरीला बांधून पाण्यात टाकतो. शार्क आला की स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, "डाउन!" ओरडतो, पाहुणे श्वास रोखून खाली बुडी मारतात आणि त्याला डोळे भरून बघतात. आपल्याकडे वनखातं वाघासाठी पिंजरा लावतं. इथं माणसं आपल्या पायांनी आत जातात, वर पैसे मोजून. पहिल्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं, अजूनही फिरतं.

परवा सकाळी बोट सुटता सुटता तुझा मेसेज आला. "जंगलाकडचं वावर रिसॉर्टवाल्याले देऊन राह्यलो. तो तिथं मचाण बांधनार हाय, लोकायले वाघ दाखवाले. तुही सही पाह्यजे."

तेच वावर. जनावर दिसलं की झाडावर चढायचं, म्हणून लहानपणापासून आपली हाक एकच. कापूस वेचताना मला वाघ दिसला आणि मी "वर! वर!" ओरडलो. बाबांनी आधी मला कडुलिंबावर ढकललं. त्यांना चढायला वेळ मिळाला नाही.

त्या दिवशी बोटीवर पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यातल्या काकूंना इंग्रजी कळेना, म्हणून स्किपरने मला मराठीत सांगायला उभं केलं. शार्क खालून सरळ पिंजऱ्याकडे आला आणि माझ्या तोंडून "खाली!"ऐवजी निघालं, "वर! वर!" काकू दांड्यावर पाय देऊन वर चढल्या, हात कोपरापर्यंत पिंजऱ्याबाहेर. मी त्यांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं, तोवर शार्कचं नाक गजांवर आदळलं होतं. हात थोडक्यात वाचला. आणि काकू हसत म्हणाल्या, "अहो, परत एकदा असंच करा ना! यांना व्हिडिओ घेताच आला नाही."

गेला असता हात तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. त्याची मला लाजही वाटली नाही.

संध्याकाळी तुला फोन करून सांगितलं, सही देणार नाही. तू फटकन म्हणालास, "काहून? तू कोणतं वेगळं करून राह्यला? रोज मुंडकं टाकून जनावराले तूच तं बलावतं."

मी फोन कापला. ज्या कामाची चीड येते, त्याच कामावर माझं पोट चालतं. उद्याही मी पाहुण्यांना हसत हसत पिंजऱ्यात उतरवीन.

माझ्यासारखे इकडे आलेले ठेचा-भाकरीच्या आठवणीने हळवे होतात. मला तसलं काही होत नाही. घर म्हटलं की मला तेवढंच वावर दिसतं. तू ते पेर, नाहीतर पडीक टाक, मी विचारायला येणार नाही. मी दुतोंडी आहे म्हण, पळपुटा म्हण, दोन्ही कबूल. पण बाबा जिथं पडले, तिथं कुणी हौसेनं वाघाची वाट बघत बसलेलं मी चालवून घेणार नाही. त्यापायी तू माझा भाऊ उरला नाहीस, तरी चालेल.